आक्काचं सीरम

मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, अंगातून निघाल्यावर पाऊण तासाच्या आत बर्फात गेलं पाहिजे, नाहीतर ते आतल्या आत स्वतःलाच खायला लागतं. हे माझ्या मार्गदर्शक सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची चार-पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी भल्या पहाटे बेळगावच्या कॅम्पात खाटकाच्या दारात डबा घेऊन उभी असायचे. डब्यात बर्फाच्या कारखान्यातून आणलेला, भुसा झटकलेला बर्फ. खाटीक काळीज माझ्या हातात द्यायचा तेव्हा ते गरम असायचं. त्या गरमपणाची मला कधीच सवय झाली नाही.

मी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. निपाणीच्या आमच्या बौद्ध वस्तीतून एवढं शिकलेली मी पहिलीच मुलगी. विषय काय, असं वस्तीत कुणी विचारलं की मी गप्प बसायचे. एकदा आक्कानं विचारलं तेव्हा मात्र सांगायचा प्रयत्न केला होता.

आपलं अंग म्हणजे बरंचसं प्रथिनं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ओवलेली माळ. ही आम्लं वीस प्रकारची. प्रत्येकाला माळ ओवणाऱ्या रायबोसोमपर्यंत वाहून नेणारा एक छोटा आरएनए असतो, आणि त्या आरएनएच्या टोकाला नेमकं तेच आम्ल चिकटवून देणारं एक एन्झाइम असतं. आम्ल चुकलं तर माळ चुकली. जंतूंच्या पेशीत ही एन्झाइम्स सुटी सुटी हिंडतात. मेंढी, उंदीर, माणूस यांच्या पेशीत मात्र त्यातली आठ-नऊ एकमेकांना घट्ट धरून एक मोठा पुंजका करून राहतात. ती का राहतात, आणि त्यामुळे प्रथिन बनायला कशी मदत होते, हा माझा विषय.

आक्कानं हातातली बिडी वळून दोरा बांधला आणि म्हणाली, "म्हंजे टोळीच की गं. एकटं असलं की कोण बी मारतंय."

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मग तिनंच मला वाढवलं. निपाणी म्हणजे तंबाखू. आई वखारीत तंबाखू चाळायची. तिथला खकाणा, म्हणजे उडणारी ती बारीक धूळ, पदराच्या तीन घड्यांतूनही नाकात जायची. आईच्या जागी वखारवाल्यानं आम्हा दोघींना बोलावलं तेव्हा आक्का उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. "ही त्या खकाण्यात बसायची न्हाय. मी येतो." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. ती वखारीत गेली, पुढं घरीच बिड्या वळायला लागली, आणि मी शाळेत गेले. तिचं लग्न वस्तीतच झालं. दाजी शांत माणूस, एका शाळेत शिपाई होते. मूल झालं नाही. मूल म्हणजे मीच, असं ती हसून सांगायची.

पहिली खूण मी बुद्धपौर्णिमेला पाहिली. आक्काच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. दर पौर्णिमेला ती उतरवून पुसून, हार घालून परत लावायचं काम आक्काचं. दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही. त्या वर्षी ती तसबिरीखाली उभी राहिली, हात वर केले आणि ते खांद्याच्या जरा वर जाऊन थांबले. ती तशीच उभी. मला वाटलं, हात जोडतेय. मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर धरून वर ढकलायचा प्रयत्न केला.

"काय झालं गं आक्का?"

"काय न्हाय. हात भरून आलाय. तू काढ जरा."

मी तसबीर काढली. ती वळून चुलीकडे गेली, पण तिचा चेहरा मी पाहिला होता. ती घाबरलेली होती. मी तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एकेक होत गेलं. पावसाळ्यात ती मला भेटायला बेळगावला यायला निघाली तर बसच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय चढेना. कंडक्टर वर उभा राहून ओरडत होता, मागची माणसं ढकलत होती. शेवटी एका म्हाताऱ्यानं तिला खालून उचललं. हे तिनं मला सांगितलं नाही, दाजींनी सांगितलं. मग खोकला आला, कोरडा. बोटांच्या कडांना, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या, भेगा पडल्या आणि त्या भेगांत काळ्या रेघा बसल्या. साबणानं जाईनात. सगळे म्हणाले, तंबाखू. मीही तसंच म्हणाले. पण पंचवीस वर्षं ती तंबाखू हाताळत होती. इतकी वर्षं हात नीट राहिले आणि आत्ताच का फाटले, हा प्रश्न मला पडला होता. मी तो मागे सारला.

निपाणीच्या डॉक्टरांनी क्षय म्हणून औषध सुरू केलं. तंबाखूत काम करणारी बाई, खोकला, वजन उतरलेलं. कुणीही तेच केलं असतं. रोज इंजेक्शन, मूठभर गोळ्या. महिने गेले. खोकला कमी झाला नाही. बसल्या जागेवरून उठताना ती आता दोन्ही हात मांड्यांवर रोवून, अंगावर चढत चढत उभी राहायची.

मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी निपाणीला जायचे. संकेश्वरजवळ आलं की साखर कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरायचा. तिथून पुढे आज काय नवीन दिसेल, एवढंच डोक्यात असायचं.

इकडे कॉलेजात माझं काम चांगलं चाललं होतं. आमच्याकडे थंड खोली नव्हती. फ्रिजच्या जाळ्या काढून त्यात एक लांब काचेची नळी उभी केली होती, बारीक मण्यांनी भरलेली. वरून काळजाचा गाळलेला रस सोडला की मोठे रेणू आधी खाली उतरायचे, लहान मागाहून. पुंजका सगळ्यांत आधी यायचा. त्यात लायसिनचं एन्झाइम, ल्यूसिनचं, आर्जिनिनचं, अशी सगळी एकत्र सापडायची.

सर मूळचे धारवाडकडचे, घरात कन्नड बोलणारे, पण माझ्याशी जपून मराठीत बोलायचे. ते म्हणायचे, "हे बघा, एकत्र राहिले की टिकतात. सुटे केले की लवकर मरतात, तुम्हीच पाहिलंय. आणि आम्ल लावलेला आरएनए इथून सरळ रायबोसोमच्या हातात जात असणार, मध्ये कुठं वाहून न जाता. असणार म्हणतो मी. सिद्ध करा."

हिस्टिडिनचं एन्झाइम मात्र पुंजक्यात यायचं नाही. ते बरंच मागाहून, एकटं उतरायचं. मी त्याच्याकडे फारसं लक्ष द्यायचे नाही. माझा विषय पुंजका होता.

त्याच्या पुढच्या वर्षी हिवाळ्यात ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांचा एक गठ्ठा आला, नेहमीसारखा वर्षभर उशिरा. दुपारची वेळ होती. मी विषयाला जवळचं काही आहे का म्हणून पानं उलटत होते. एका लेखात हिस्टिडिनच्या एन्झाइमचं नाव दिसलं म्हणून थांबले. स्नायूंना सूज येणाऱ्या एका आजारात काही रुग्णांच्या रक्तात याच एन्झाइमवर हल्ला करणारी प्रतिद्रव्यं सापडतात, असं त्यात होतं. जंतूंवर चालून जायचं ते रक्त स्वतःच्याच पेशीतल्या कामगारावर चालून जातं. पुढे लक्षणं दिली होती. खांदे आणि मांड्यांतली शक्ती जाणं. कोरडा खोकला. फुफ्फुसं हळूहळू घट्ट होत जाणं. काही जणांच्या बोटांच्या कडांना भेगा, काळ्या रेघांच्या.

मी अंक मिटला. उठून खिडकीपाशी गेले. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. परत येऊन उघडला. शब्द तेच होते.

आता जे सांगते ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी तीन आठवडे काहीही केलं नाही. सरांना बोलले नाही, निपाणीला गेले नाही. काम आहे म्हणून पत्र टाकलं. स्वतःला सांगत राहिले की हा आजार दुर्मिळ आहे, परदेशातला आहे, आपल्याकडे तंबाखू आहे, क्षय आहे. खरं म्हणजे तपासायची साधनं माझ्याच टेबलावर होती. साऱ्या जिल्ह्यात ती दुसरीकडे कुठेच नसतील. आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. मी तपासलं नाही तोवर ते खरं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात दाजीच आक्काला घेऊन बेळगावला आले. न सांगता. रिक्षातून उतरवून त्यांनी तिला जवळजवळ उचलूनच कॉलेजच्या पायऱ्या चढवल्या. प्रयोगशाळेच्या दारात ती भिंतीला धरून उभी राहिली, दम खात. आत टेबलावर त्या सकाळी आणलेलं काळीज बर्फात पडलेलं होतं.

"हेच व्हय ते?" ती म्हणाली. "केवढं लाल हाय."

मी तिला स्टुलावर बसवलं. दाजी म्हणाले, "निपाणीचं डॉक्टर म्हणत्यात अजून सहा महिनं गोळ्या. तवर हिचं काय ऱ्हातंय? तू शिकलीयास. तू बघ."

मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, तीन आठवड्यांसकट. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "रक्त घ्या. आणि सोबत निरोगी माणसाचं पण हवं, तुलनेला."

"माझं घेते," मी म्हटलं.

शेजारच्या विभागातल्या तंत्रज्ञानं दोघींचं रक्त काढलं, एकाच बाकावर बसवून. आक्कानं माझ्या दंडाकडे पाहिलं. "हिचं कशापायी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे का हे बघायला एक नीट असलेलं लागतं. तिला ते पटलं. पाखडताना खडा ओळखायला चांगला दाणा लागतोच.

तपासणी अशी होती. काळजाच्या रसात सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, मिसळून बर्फात ठेवायचं. मग आरएनए आणि किरणोत्सारी अमिनो आम्ल घालायचं. हे आम्ल मुंबईहून शिशाच्या डबीत यायचं. एन्झाइम काम करत असेल तर आम्ल आरएनएला चिकटतं. थेंब गाळणकागदाच्या चकतीवर टाकून चकती थंड आम्लात धुतली की न चिकटलेलं वाहून जातं. उरलेलं मोजणीयंत्राखाली ठेवायचं. यंत्र टकटक करतं. टकटक दाट, तर एन्झाइम ठीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजायला बसले. आधी लायसिन. माझं सीरम, आक्काचं सीरम: दोन्हीकडे सारखीच दाट टकटक. ल्यूसिन, तसंच. आर्जिनिन, तसंच. पुंजक्याला तिच्या रक्तानं हात लावला नव्हता. आत कुठेतरी हलकं वाटायला लागलं होतं. मग हिस्टिडिनची माझी चकती ठेवली. दाट. आक्काची ठेवली.

टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी माझी चकती परत ठेवली. दाट. तिची ठेवली. टक्. हवेतल्या किरणांनीसुद्धा एवढे ठोके पडतातच. रिकाम्या चकतीलाही एवढेच पडतात.

सर मागे येऊन कधी उभे राहिले मला कळलं नाही. "पुन्हा करा," ते म्हणाले. मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं, सरांना नळ्यांवर नुसते आकडे घालायला लावून, कुठली कुणाची हे मलाच माहीत नसताना. तिन्ही वेळा तेच.

बेळगावच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी स्नायूचा तुकडा काढून तपासला, छातीचे फोटो काढले आणि निदान मान्य केलं. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या, स्टेरॉइड सुरू झाली. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "स्नायू सुधारतील. फुफ्फुसाचं मी सांगू शकत नाही. वर्षभर आधी आली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्या वर्षातले तीन आठवडे माझे होते. तीन आठवड्यांनी काय फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणतात. मीही म्हणते.

आक्काला मी साध्या शब्दांत सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे माझंच रगात माझ्या अंगावर उठलंय?"

"व्हय."

"कशानं? तंबाखूनं?"

"ते कुणालाच माहीत न्हाय, आक्का."

तिनं फाटलेल्या बोटांकडे पाहिलं. "आणि तुझं? तुझं चांगलं निघालं?"

"व्हय."

"मग बास झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

ती माझ्याकडेच राहिली. वडगावात विणकरांच्या गल्लीत माझी भाड्याची खोली होती. चारी बाजूंनी यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. दोन महिन्यांत तिचे हात वर जायला लागले. एके दिवशी तिनं फळीवरचा पिठाचा डबा एकटीनं काढला आणि गल्लीतल्या बाईला बोलावून दाखवला. चेहरा औषधानं गोल झाला होता, भाकऱ्या पुन्हा थापायला लागली होती. त्या दिवसांत मी स्वतःला आशा बाळगू दिली.

पण वीज जायची. वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि गल्ली अशी शांत व्हायची की कानात दडे बसावेत. त्या शांततेत तिचा श्वास ऐकू यायचा. आखूड, घाईचा, कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा. माग चालू असताना मला तो विसरता यायचा. मग मी विजेची वाट बघायला लागले. महिन्यामहिन्याला तो श्वास आणखी आखूड होत गेला.

याच काळात सरांनी मला विचारलं. त्यांना ते विचारताना अवघड झालं होतं. आक्काच्या सीरमनं हिस्टिडिनचं एन्झाइम बंद पडतं आणि पुंजक्यातलं एकही पडत नाही, म्हणजे ते एन्झाइम पुंजक्याबाहेरचं आहे, हे दाखवायला एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नव्हता. आणखी थोडं रक्त मिळालं तर.

मी नको म्हणायला हवं होतं, असं कधी वाटतं. मी आक्काला विचारलं.

"घे की," ती म्हणाली. "तुझ्या कामाला लागतंय न्हवं? पडून काय करायचंय त्येला." तिनं स्वतःच बाही वर सारली. मी तीनदा तिचं रक्त घेतलं. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. त्यात तिला 'रुग्ण क्रमांक एक' म्हटलंय. दुसरा रुग्ण नव्हताच.

ती पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी गेली, दुपारी, बेळगावच्याच इस्पितळात. नाकाला ऑक्सिजन होता तरी ती खिडकी उघडा म्हणत होती. खिडकी उघडीच होती. दाजींनी तिचा एक हात धरला होता, मी दुसरा. बोटांवरच्या भेगा औषधानं भरून आल्या होत्या. हात अगदी मऊ झाले होते, कधी काम न केलेल्या बाईसारखे.

वर्षभरानं माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाचं फार कौतुक केलं. "हे सीरम कुठून मिळवलंत? आमच्या प्रयोगशाळेला थोडं मिळेल का?" त्यांनी विचारलं. सर खाली बघत होते. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं होतं. आता ती नाही." मग परीक्षकांनी घसा साफ केला आणि पुढचं पान उलटलं.

पदवी मिळाली, त्याच कॉलेजात नोकरीही लागली. त्यानंतरची पाच वर्षं, वर्षातून एकदा, मी कुणाला न सांगता माझं स्वतःचं रक्त काढून हिस्टिडिनची तपासणी करत राहिले. सुट्टीच्या दिवशी, दार लावून. चकती यंत्राखाली ठेवली की पहिला ठोका आणि दुसरा ठोका यांच्या मधला वेळ मला सहन व्हायचा नाही. दर वेळी टकटक दाट यायची. दर वेळी घरी येऊन मी आडवी व्हायचे आणि दाजींना पत्र लिहायचे, दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

पुढं ते यंत्र मोडीत निघालं आणि नवं आलं नाही. मी तपासणं सोडून दिलं. मला काही झालं नाही. आता मी आक्काहून कितीतरी मोठी आहे. पण वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं आणि खांद्यात जरा कळ आली, तर मी हात तसाच वर धरून मोजते, किती वेळ राहतो ते.